लिनक्सवर वायफाय दिसत नाही? लॅपटॉपचं मॉडेल सोडा, चिपचा नंबर शोधा

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यानंतर नागपूरच्या आमच्या मानेवाड्यातल्या ओळखीच्या घरांमधून एकेक जुना लॅपटॉप माझ्याकडे यायला लागला. मशीन धडधाकट, पण विंडोज ११ घेत नाही. अशा मशीनवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत सिस्टिम, छान चालतं. अडतं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी, आणि ते म्हणजे वायफाय.

पहिल्यांदा मी स्वतःच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं तेव्हा रविवारची अख्खी दुपार गेली. विंडोज पुसून झालं होतं आणि नव्या सिस्टिममध्ये वायफायचं चिन्हच नव्हतं. लॅपटॉप पातळ, त्यामुळे केबल लावायला लॅनचं भोकही नाही. मग मोबाइलवर लॅपटॉपचं मॉडेल टाकून शोधत बसले आणि सापडलेल्या आज्ञा एकामागून एक टाइप करत गेले. संध्याकाळी कळलं की त्याच मॉडेलमध्ये कंपनी दोन वेगवेगळी वायफाय कार्डं घालून विकते. मी दुपारभर दुसऱ्याच कार्डाचा इलाज करत होते. तुमची दुपार तशी जाऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

एक सूचना आधीच. टर्मिनलमधले, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतले, शब्द मी इथे देवनागरीत लिहिले आहेत. ते टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांत करायचे. जिथे अक्षरांमध्ये आडव्या रेघा देऊन ती सुटी केली आहेत, तिथे ती सलग लिहायची, मध्ये जागा सोडायची नाही. पॅकेजांच्या नावांतल्या रेघा मात्र तशाच ठेवायच्या.

सोबत काय हवं

- ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह
- अँड्रॉइड फोन आणि त्याची डेटा केबल. नुसती चार्जिंगची केबल चालणार नाही. फोन लावल्यावर फाइली दिसतात का, ते आधी बघून घ्या.
- जमल्यास लॅनची केबल
- वही आणि पेन
- महत्त्वाच्या फाइलींची दुसरीकडे ठेवलेली प्रत
- विंडोजही ठेवायचं असेल तर बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की, कागदावर उतरवलेली. का, ते सहाव्या पायरीत येईल.

## १. विंडोज पुसण्याआधी चिपचा नंबर उतरवून घ्या

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'नेटवर्क अ‍ॅडाप्टर्स'खाली वायफाय कार्डाचं नाव दिसेल. त्यावर उजवी क्लिक करा, 'प्रॉपर्टीज'मध्ये जा, 'डिटेल्स' हा टॅब उघडा आणि यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. एक लांबलचक ओळ दिसेल. तिच्यात 'व्हीईएन' या अक्षरांपुढे चार आकडे-अक्षरं असतात आणि 'डीईव्ही'पुढे आणखी चार. पहिले चार म्हणजे चिप बनवणारी कंपनी, पुढचे चार म्हणजे नेमकी चिप. हे आठ वहीत लिहा. यूएसबी डोंगल असेल तर तिथे 'व्हीआयडी' आणि 'पीआयडी' असं दिसतं, अर्थ तोच.

विंडोज आधीच गेलं असेल तरी बिघडत नाही. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये एल-एस-पी-सी-आय लिहा, एक जागा सोडा आणि आडवी रेघ देऊन एन-एन-के लिहा. येणाऱ्या यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' असं लिहिलेली ओळ शोधा. तिच्या शेवटी चौकटी कंसात तोच नंबर असतो. डोंगलसाठी एल-एस-यू-एस-बी पुरतं.

पुढे काहीही शोधायचं झालं तर हाच नंबर टाकून शोधा.

## २. नंबरावरून घराणं ओळखा

पहिल्या चार अक्षरांवरून बरंच कळतं.

८०८६, म्हणजे इंटेल. निर्धास्त राहा. 'आयडब्ल्यूएलवायफाय' हा त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, कर्नेलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो.

१६८सी, म्हणजे अथेरॉस, आता क्वालकॉमकडे. जुन्या लॅपटॉपांतली 'एटीएच९के'वर चालणारी कार्डं तर अगदीच गुणी, त्यांना वेगळं फर्मवेअरही (ते काय, ते पाचव्या पायरीत) लागत नाही.

१४सी३, म्हणजे मीडियाटेक. एमटी७९२१ ही चिप बऱ्याच नव्या लॅपटॉपांत असते. तिचा ड्रायव्हर कर्नेल ५.१२पासून, म्हणजे २०२१पासून आहे.

१०ईसी, म्हणजे रिअलटेक. डोंगल असेल तर ०बीडीए. इथे सगळं कर्नेल किती नवं आहे त्यावर ठरतं. आरटीएल८८२१सीई ही चिप कर्नेल ५.९पासून सरळ चालते, आरटीएल८८५२बीईला ६.२ लागतं. जुन्या लेखांमध्ये याच चिपांसाठी बाहेरून ड्रायव्हर उतरवून बांधायला सांगितलेलं असतं. तेव्हा ते बरोबर होतं, आज त्याची गरज नाही.

१४ई४, म्हणजे ब्रॉडकॉम. इथे थोडं काम करावं लागतं. काही चिपांना खुला ड्रायव्हर आहे. पण स्वस्त लॅपटॉपांत सर्रास सापडणाऱ्या बीसीएम४३१४२सारख्या चिपेला, जिचा नंबर १४ई४:४३६५, कंपनीचा 'डब्ल्यूएल' हा बंदिस्त ड्रायव्हरच लागतो.

## ३. नवं लिनक्स घ्या आणि आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा

नवख्यांना मी लिनक्स मिंट सुचवते, कारण त्यातला ड्रायव्हर मॅनेजर साधा आहे. उबंटूही चांगलं. कोणतंही घ्या, पण ताजी आवृत्ती घ्या. घरात चार वर्षांपूर्वी बनवलेला पेनड्राइव्ह पडला असेल तर तो वापरू नका. उबंटू २२.०४ आलं तेव्हा त्यात कर्नेल ५.१५ होतं, २४.०४मध्ये ६.८ आणि ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये (हाही लिनक्सचाच एक प्रकार) ६.१२. नुसत्या एवढ्या फरकाने कित्येक कार्डं आपोआप चालू होतात.

पेनड्राइव्हवरून बूट केलं की डिस्कला हात न लावता सगळी सिस्टिम वापरता येते. वायफायला जोडा, एखादा व्हिडिओ दहा मिनिटं चालू द्या, मग लॅपटॉपचं झाकण बंद करून पुन्हा उघडा. झाकण उघडल्यावर वायफाय परत येतं का, हे इथेच बघायचं. इतकं नीट झालं तर पुढच्या बहुतेक पायऱ्या तुम्हाला लागणारच नाहीत.

## ४. वायफाय नसेल तर इंटरनेट फोनमधून घ्या

वायफायचा ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला वायफाय हवं, या गाठीत पुष्कळ लोक अडकतात. सोडवायला फोनची केबल पुरते. फोन लॅपटॉपला जोडा, फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर जा आणि 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला तो केबलने जोडलेल्या नेटवर्कसारखा दिसतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक फोन तेच इंटरनेट केबलमधून पुढे देतात, मोबाइल डेटा जळत नाही.

टेदरिंगचं बटण फिकं दिसत असेल तर केबल बदलून बघा. दहापैकी आठ वेळा दोष केबलचाच निघतो.

ब्रॉडकॉमवाल्यांना आणखी एक वाट आहे. मिंटच्या पेनड्राइव्हवर त्यांचा ड्रायव्हर आधीच असतो. तो पेनड्राइव्ह लावून ठेवून ड्रायव्हर मॅनेजर उघडा, इंटरनेट नसतानाही काम होतं.

## ५. नेमकं कुठे अडलंय ते बघा

घाई इथेच होते, म्हणून इथेच थांबा. वायफाय चालायला चार गोष्टी जागेवर लागतात, आणि त्या याच क्रमाने तपासायच्या.

कार्ड दिसतं का? पहिल्या पायरीतल्या यादीत कार्डाची ओळच नसेल तर ड्रायव्हरचा काही संबंध नाही. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण तीसएक सेकंद दाबून धरा. मग सुरू करा. विंडोजही ठेवलं असेल तर त्यातलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि कार्ड अर्धवट अवस्थेत राहू शकतं. एवढं करूनही दिसलं नाही तर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये, वायरलेस बंद केलंय का ते बघा. तिथेही चालू असेल तर कार्ड सैल झालंय किंवा गेलंय.

ड्रायव्हर जोडला गेलाय का? कार्डाच्या ओळीखाली 'कर्नेल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असायला हवी. ती नसेल तर ड्रायव्हर टाकायचा आहे, सहाव्या पायरीवर जा.

फर्मवेअर सापडलं का? ड्रायव्हर आणि फर्मवेअर एकच, असं मीही धरून चालले होते. तसं नाही. ड्रायव्हर कर्नेलमध्ये राहतो. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम, तो सुरू होताना डिस्कवरून कार्डात भरला जातो. ड्रायव्हर खुला असला तरी फर्मवेअर बहुधा कंपनीचं बंदिस्तच असतं. याच कारणाने डेबियन ते आपल्या मुख्य इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसे. जून २०२३मध्ये डेबियन १२ आलं तेव्हापासून ते सोबत येतं. डेबियनचा त्याआधीचा एखादा लेख वाचत असाल तर तो बाजूला ठेवा.

तपासायला सुडो, मग जागा, मग डी-एम-ई-एस-जी लिहा आणि येणाऱ्या मजकुरात 'फर्मवेअर' हा शब्द शोधा. 'फेल्ड विथ एरर -२' याचा अर्थ फाइल सापडली नाही. पण यात एक चकवा आहे. इंटेलचा ड्रायव्हर सगळ्यात नव्या फर्मवेअरपासून सुरुवात करतो आणि मिळेल त्या आवृत्तीपर्यंत खाली उतरत येतो. वाटेत न सापडलेल्या प्रत्येक फाइलीसाठी तो हीच -२ची ओळ छापतो. त्यामुळे त्या ओळी बघून घाबरू नका, त्यांच्याखाली 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' आहे का ते वाचा. असेल तर फर्मवेअर ठीक आहे. नसेल तर फोनच्या इंटरनेटवर सिस्टिम पूर्ण अपडेट करा. उबंटू आणि मिंटमध्ये 'लिनक्स-फर्मवेअर' या एकाच पॅकेजात जवळपास सगळं येतं.

रेडिओ बंद तर नाही? आरएफकिल लिस्ट अशी आज्ञा द्या. 'सॉफ्ट ब्लॉक्ड'पुढे 'येस' असेल तर आरएफकिल अनब्लॉक वायफाय लिहिलं की मोकळं होतं. 'हार्ड ब्लॉक्ड'पुढे 'येस' असेल तर आज्ञेने काही होणार नाही. लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा एफएन बरोबरची विमानाच्या चित्राची कळ दाबायची. प्रतापनगरहून एक काका 'कार्डच उडालं' म्हणून लॅपटॉप घेऊन आले होते. त्या लॅपटॉपच्या पुढच्या कडेला नखाएवढं सरकतं बटण होतं, आणि ते पिशवीत घासून सरकलं होतं.

## ६. ड्रायव्हर टाका, आणि त्या निळ्या पडद्याकडे लक्ष ठेवा

मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. उबंटूत 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स'मधला 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' हा टॅब उघडा. तुमच्या कार्डासाठी काही उपलब्ध असेल तर ते तिथे दिसतं. ते निवडा आणि होऊ द्या. डेबियनमध्ये ब्रॉडकॉमचं पॅकेज 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस' या नावाचं आहे, 'नॉन-फ्री' विभाग चालू केल्यावर मिळतं.

आता तो पडदा. सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही चालू न देणारी लॅपटॉपची सोय, चालू असेल तर बाहेरून बांधलेला ड्रायव्हर कर्नेल तसाच आत घेत नाही, त्यावर तुमच्या किल्लीची सही लागते. म्हणून ड्रायव्हर टाकताना सिस्टिम तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगते. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला की निळा पडदा येतो. तो फक्त दहाएक सेकंद थांबतो, तेवढ्यात एखादी कळ दाबायची. मग 'एनरोल एमओके', 'कंटिन्यू', 'येस', आणि तो पासवर्ड. मी पहिल्यांदा रीस्टार्ट करून चहा टाकायला उठले. परत आले तोवर पडदा निघून गेला होता, सिस्टिम नेहमीसारखी उघडली होती आणि वायफाय होतं तसंच बंद. ड्रायव्हर तर टाकला, मग चालत का नाही, याचं उत्तर तासाभराने मिळालं. तेव्हा रीस्टार्ट झाला की समोर बसून राहा. पासवर्ड साधा ठेवा, लहान इंग्रजी अक्षरं आणि आकडे, कारण त्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा असतो आणि विशेष चिन्हं जागा बदलतात.

सिक्युअर बूट बायोसमधून बंद करणं ही सोपी वाट आहे. पण शेजारी विंडोज असेल आणि त्यात बिटलॉकर चालू असेल, तर पुढच्या वेळी विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती हाताशी नसताना हे करू नका.

बाहेरून उतरवलेल्या ड्रायव्हरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कर्नेलमध्ये ड्रायव्हर असेल तर बाहेरचा घेऊ नका. एकाच चिपेसाठी दोन ड्रायव्हर असले की ते भांडतात, आणि कर्नेल बदललं की बाहेरचा पुन्हा बांधावा लागतो. कुठे 'एनडीआयएस-रॅपर' वापरून विंडोजचा ड्रायव्हर चढवा असं वाचलंत तर तो लेख जुना आहे, सोडून द्या.

## ७. चालतंय, पण रडतखडत

आधी लॅपटॉप उचला आणि राउटरशेजारी जाऊन बसा. मागच्या मे महिन्यात आमच्या मागच्या खोलीत दुपारी वायफाय तुटायचं आणि सकाळी व्यवस्थित असायचं. मी ड्रायव्हरची सेटिंगं बदलत दोन दिवस घालवले. शेवटी लक्षात आलं की दुपारी हॉलच्या दारात आम्ही लोखंडी कूलर ओढतो. तो पत्र्याचा, त्यात पाण्याची टाकी भरलेली, गवताच्या ताट्या ओल्या. पत्रा लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेतं. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल त्यातून जेमतेम पलीकडे पोचायचा. राउटर कपाटावर चढवला आणि प्रश्न मिटला. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर हलवून बघितल्याशिवाय ड्रायव्हरला दोष देऊ नका.

राउटरशेजारीही तुटत असेल तर वीज वाचवण्याची सोय बंद करून बघा. ईटीसी फोल्डरमधल्या नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ.डी या फोल्डरात पॉवरसेव्ह नावाची एक फाइल असते. तिच्यात वायफाय पॉवरसेव्हपुढचा ३ काढून २ लिहा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. बॅटरी थोडी लवकर उतरते, पण जोडणी टिकते.

राउटरपासून हातभर अंतरावर पूर्ण रेंज आणि चार पावलांवर काहीच नाही, असं असेल तर अँटेनाकडे बघा. आरटीएल८७२३बीई या चिपेच्या बऱ्याच लॅपटॉपांत एकच अँटेना असते, आणि ड्रायव्हर नेमका दुसऱ्या टोकावर ऐकत बसतो. या ड्रायव्हरला 'अँट-सेल' (मधली रेघ म्हणजे अंडरस्कोर) नावाचा पर्याय आहे, त्याला १ देऊन बघा, नाही जमलं तर २. चिपेचा नंबर आणि हा शब्द टाकून शोधलं की नेमकी ओळ मिळते.

राउटर दिसतच नाही आणि शेजाऱ्यांचे सगळे दिसतात, असं असेल तर तुमचा राउटर चॅनेल १२ किंवा १३वर आहे का ते तपासा. भारतात हे चॅनेल चालतात, अमेरिकेत चालत नाहीत, आणि काही कार्डं अमेरिकी नियम धरून येतात. राउटर १, ६ किंवा ११वर आणा. राउटर फक्त डब्ल्यूपीए३वर (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) ठेवला असेल तर जुनी कार्डं जोडली जात नाहीत, डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालतील असं ठेवा.

## ८. कार्ड बदलायची वेळ आली तर

इतकं करूनही जमलं नाही तर आणखी रविवार घालवू नका. दोन वाटा आहेत.

एक म्हणजे यूएसबी डोंगल. बर्डीच्या बाजारात तीन-चारशे रुपयांपासून मिळतं. अडचण अशी की डोंगलच्या खोक्यावर चिपचं नाव नसतं, आणि तेच खोकं, तेच नाव ठेवून कंपनी आतली चिप बदलते. म्हणून मी दुकानात जाताना लॅपटॉप आणि लिनक्सचा पेनड्राइव्ह सोबत नेते. दुकानदार म्हणाला, "ताई, विंडोजमध्ये चालते, लिनक्सचं काही माहीत नाही आपल्याले." म्हटलं, भाऊ, लावून बघू द्या, चाललं तर घेते. काउंटरवरच तीन डोंगलं लावली. पहिलं दिसलंच नाही. दुसरं सीडी ड्राइव्ह म्हणून दिसलं. त्याचा नंबर ०बीडीए:१ए२बी, म्हणजे आतली विंडोजच्या ड्रायव्हरची सीडी पुढे येते आणि ती इजेक्ट केल्यावर खरं कार्ड दिसतं. तिसरं लावताक्षणी चाललं. त्यात मीडियाटेकची एमटी७६०१यू होती. तिचा ड्रायव्हर कर्नेल ४.२पासून आहे. वेग मोठा नाही, फक्त २.४ गिगाहर्ट्झ, पण ऑनलाइन शिकवणीला पुरेसा.

दुसरी वाट म्हणजे आतलं कार्ड बदलणं. नव्या लॅपटॉपांत एम.२ प्रकारचं २२३० मापाचं कार्ड असतं, आणि इंटेल एएक्स२१० तिथे चांगलं बसतं. एएक्स२११ मात्र घेऊ नका. नाव जवळपास सारखं, पण ते इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांबरोबरच चालतं. जुन्या लॅपटॉपात मिनी पीसीआय एक्सप्रेस असतं, त्याच्या अँटेनाच्या टोप्या मोठ्या, एम.२च्या बारीक, एकमेकींना बसत नाहीत. शिवाय काही जुन्या लॅपटॉपांचं बायोस आपल्या यादीबाहेरचं कार्ड दिसलं की सुरूच होत नाही, म्हणून विकत घेण्याआधी तुमच्या मॉडेलला तशी यादी आहे का ते शोधा. टोप्या काढताना वायर ओढू नका, नखाने टोपी सरळ वर उचला. बसवताना टक् असा बारीक आवाज येईपर्यंत बोटाने दाबा.

## ९. चालू झालं की हे दोन करा

कार्डाचा नंबर आणि 'कर्नेल ड्रायव्हर इन यूज'पुढचं नाव कागदाच्या चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या तळाला चिकटवा. पुढे कोणाची मदत लागली तर पहिला प्रश्न हाच येतो.

दुसरं, जुनं कर्नेल लगेच काढू नका. ब्रॉडकॉमच्या ड्रायव्हरमधला बंदिस्त भाग कंपनीने २०१५नंतर बदललेला नाही. नव्या कर्नेलला तो जुळवून घेण्याचं काम मिंट, उबंटू अशी वितरणं बनवणारे लोक करतात, आणि कधी कधी ते अपडेटच्या मागे पडतं. अपडेटनंतर वायफाय गेलं तर लॅपटॉप सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबा, 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडा आणि यादीतलं मागचं कर्नेल घ्या. वायफाय परत येईल. नवा ड्रायव्हर येईपर्यंत त्यावरच काम चालू ठेवा.